सासूबाईंना चक्कर आंघोळीच्या वेळीच का येते?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सिंहगड रस्त्याला धायरीत राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू), मुलगी नववीत, मुलगा चौथीत. २०२५च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे) पेशंट निघाले तेव्हापासून मी पाण्याचा धसका घेतलाय. सोसायटीला टँकर लागतो. प्युरिफायर आहे, तरी मी पाणी उकळते. सासूबाई म्हणतात, उकळून उकळून पाण्यात काही राहत नाही. मुलाला एका महिन्याआड सर्दी असतेच, त्याला गुळवेलीचा काढा सुरू करू का? कबुतरांनी उच्छाद मांडलाय. बाथरूमच्या खिडकीत अंडी घालायची म्हणून मिस्टरांनी दिवाळीआधी तिथे ॲक्रिलिकची शीट ठोकून खिडकी बंदच केली. कबुतरांमुळे फुप्फुसं खराब होतात हे खरं का? एअर प्युरिफायर घ्यावा का? आणि शेवटचं. सासूबाईंना या थंडीत दोनदा आंघोळ करताना चक्कर आली. एकदा तर न्हाऊन बाहेर येताना दारातच बसल्या. आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळी बीपी बघितलं, ठीक होतं, अशक्तपणा म्हणाले. मी आळिवाचे लाडू सुरू केलेत. त्यांना कडकडीत पाणी लागतं, पण गॅस गीझर असल्यामुळे ती चिंता नाही. मुलीचंही शाळेत पोचेपर्यंत डोकं दुखायला लागतं, पण ती रात्री मोबाइल बघत बसते. दोघींना एखादं टॉनिक सुचवाल का?

उत्तर :

ताई,

तुमचे पहिले चार प्रश्न छापून येईपर्यंत थांबले तरी बिघडलं नसतं. शेवटचा थांबणारा नव्हता, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन मी तुम्हाला फोन केला. गीझर बंद करायला सांगितलं आणि तुम्ही तो केलात. आता इथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखं बाथरूम पुण्यात घरोघर आहे आणि तुमच्यासारखंच त्याकडे कुणाचं लक्ष नाही.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी तीन निरनिराळ्या ठिकाणी आल्यात. खिडकी बंद केल्याचं कबुतरांच्या तक्रारीत आलंय. गॅस गीझरचं कौतुकात आलंय. चक्कर टॉनिकच्या प्रश्नात आलीय. त्या एकाखाली एक मांडा. दिवाळीआधी खिडकी बंद झाली. त्यानंतरच्याच थंडीत चक्कर सुरू झाली. ती आंघोळीच्या वेळीच येते, देवपूजेला किंवा भाजी निवडताना येत नाही. आणि त्याच बाथरूममधून आंघोळ करून निघालेल्या चौदा वर्षांच्या मुलीचं डोकं दुखतं. फोनवर आणखी कळलं : बाथरूम साधारण पाच बाय सात, गीझर आत, नळाच्या वरच्याच भिंतीवर. सासूबाई सगळ्यांची घाई आटोपली की शेवटी निवांत न्हातात. गीझरची ज्योत कशी आहे असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘निळीच आहे हो, पण वरच्या जाळीला काळं आलंय.’

त्या काळ्यावरून सांगते. ती काजळी म्हणजे गॅस पुरता जळत नसल्याची खूण. गॅसला भरपूर हवा मिळाली की तो पूर्ण जळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आता तुमचा गीझर किती हवा खातो बघा. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गीझर स्वयंपाकघरातल्या शेगडीचे साधारण पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण पेटवावेत, इतका गॅस जाळतो. पाच बर्नर मोठे करून स्वयंपाकघराचं दार-खिडकी लावून तुम्ही आत उभ्या राहणार नाही. बाथरूममध्ये मात्र आपण तेच करतो, वर कडी लावून घेतो. तुमच्याएवढ्या बाथरूममधल्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा हा गीझर पंधरा मिनिटांत वापरून टाकतो. खिडकी उघडी असेल तर बाहेरून भरपाई होते. खिडकीवर शीट असेल तर नाही. पहिल्या माणसाला त्यातल्या त्यात चांगली हवा मिळते, मग प्रत्येक आंघोळीगणिक ती खराब होत जाते. मध्ये दार उघडतं तेव्हा थोडी सुधारते, पण वाफ आणि गारठा नको म्हणून आपण ते लगेच लोटून घेतो. म्हणून घरात शेवटी आंघोळीला कोण जातं, हे मी विचारलं. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तर एकामागून एक पाच-सहा माणसं न्हातात, सगळ्यांना कढत पाणी हवं असतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. इथे बहुतेकांची गफलत होते. आपण ‘गॅस’ म्हटलं की नाकाने हुंगतो. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही आणि घराबाहेर येऊन १९०६वर फोन करायचा. तो वेगळा धोका. गीझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र गॅस नीट चालू असताना, कुठेही गळती नसताना तयार होतो. पाइपच्या गॅसची जोडणी घेतली म्हणजे यातून सुटका झाली असंही नाही. तो गॅसही कोंडलेल्या जागेत तसाच अर्धवट जळतो.

शरीरात हा वायू थेट रक्तातल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट. हिमोग्लोबिनची जागा अडली की ऑक्सिजनला वाहनच उरत नाही. डोकं जड होतं, दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, गरगरतं. तोवर माणसाला उठून कडी काढायचं सुचतं. थोडा वेळ आणखी गेला की सुचत नाही, आणि तिथेच माणसं जातात. दर हिवाळ्यात पेपरात ‘बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळले’ अशी बातमी येते. त्यात पुष्कळदा धडधाकट तरुण असतात, नवीन लग्न झालेली जोडपी असतात. बाहेरच्यांना शॉवरचा आवाज येत असतो, म्हणून कुणी दार वाजवत नाही.

तुमच्या डॉक्टरांचा दोष काढू नका. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. सकाळी नऊला चक्कर आलेल्या बाई संध्याकाळी सातला खुर्चीत हसत बसलेल्या असताना बीपीच्या यंत्राला काय दिसणार? तुम्ही घरी बोटाला ऑक्सिमीटर लावला होता आणि ९८ आला होता म्हणालात. कोविडपासून घरोघरी ते यंत्र आहे आणि लोकांचा त्यावर फार विश्वास बसलाय. या बाबतीत ते फसतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्याला कळत नाही. माणूस बेशुद्ध असला तरी आकडा झकास येऊ शकतो.

मी तुमचं बाथरूम पाहिलेलं नाही, सासूबाईंना तपासलेलं नाही, तेव्हा हेच कारण असं छातीठोकपणे सांगत नाही. त्यांच्या चक्करीला आणखी दोन कारणं संभवतात आणि तीही बघायला हवीत. एक, कढत पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि बीपी उतरतं. त्यात सकाळची बीपीची गोळी घेतलेली असेल आणि पाटावरून झटकन उठल्या तर डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरं, शुगरची गोळी घेऊन, देवपूजा होईपर्यंत काही खायचं नाही असा त्यांचा नेम असेल तर शुगर उतरते. पुढच्या वेळी चक्कर आली तर घरातल्या ग्लुकोमीटरवर लगेच बघा, ७०च्या खाली असेल तर साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. नेम मोडायचा नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पुढे ढकलता येते. देवाची यात हरकत नसावी.

पण मुलीला बीपीही नाही आणि शुगरही नाही, म्हणून माझा संशय गीझरवर जास्त आहे. तिला विचारा : रविवारी, उशिरा आंघोळ केली तर डोकं कधी दुखायला लागतं? आजोळी गेली की दुखतं का? मोबाइलला मी सोडून देणार नाही, रात्री अकरानंतर तो तिच्या खोलीत नसलेलाच बरा. पण मोबाइलमुळे दुखणारं डोकं नेमकं आंघोळीनंतरच का दुखेल? आता गीझर बंद झाल्यावर आठवडाभर तिच्या डोक्याकडे लक्ष ठेवा. थांबलं, तर उत्तर मिळालं.

सासूबाईंना मात्र टॉनिकच्या भरवशावर ठेवू नका. या आठवड्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि खिडकी बंद होती.’ बसून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. ईसीजी काढून घ्या. बहात्तराव्या वर्षी, शुगर असताना, ऑक्सिजन कमी पडला की हृदयावर ताण येतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारी तपासणी असते, पण ती त्याच वेळी केली तर उपयोगी. आता पंधरा दिवसांनी काही दिसणार नाही. एक गोष्ट मात्र पुढचे काही आठवडे बघा. या विषबाधेनंतर काही जणांना थोड्या दिवसांनी विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं नव्याने सुरू होतं. ‘वय झालं’ म्हणून त्यावर पडदा टाकू नका.

हे सगळ्यांसाठीच : बाथरूममधून हाकेला ओ आली नाही तर दार फोडायला दोन मिनिटंही थांबू नका. आधी कॉक किंवा रेग्युलेटर बंद, दार सताड उघडं, माणसाला ओढून खिडकीजवळ किंवा बाल्कनीत. आत उभं राहून शुद्धीवर आणायचा प्रयत्न करू नका, तुम्हीही तिथेच कोसळाल. टॉवेल गुंडाळायला वेळ घालवू नका. घरातली बाई असली की आपल्याकडे हमखास तिथे वेळ जातो. १०८ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका. कांदा, चप्पल, काही हुंगवू नका. आणि हॉस्पिटलात पोचल्यावर पुन्हा तेच वाक्य : ‘बाथरूममध्ये गॅस गीझर आहे.’ हे कुणी सांगितलं नाही तर आकडी आली असावी किंवा अर्धांगाचा झटका असावा असं समजून तपासण्या सुरू होतात. इलाज साधाच आहे, मास्कने शुद्ध ऑक्सिजन. त्याने चार-पाच तासांचं काम तास-दीड तासावर येतं. पण कारण माहीत असलं तर तो पहिल्या मिनिटाला सुरू होतो.

आता पुढे काय? गीझरवाला येईल, जेट साफ करेल आणि म्हणेल, ‘ताई, एकदम नवा झाला, बिनधास्त वापरा.’ तो खोटं बोलत नसेल, पण त्याने गीझर साफ केला, बाथरूममधली हवा वाढवली नाही. दुकानदार म्हणेल, नव्या मॉडेलला ऑक्सिजन सेन्सर आहे. असेल, सेन्सर बिघडतातही. एक्झॉस्ट फॅन लावू का, हे तुम्ही फोनवर विचारलंत. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत येणाऱ्या हवेला वाट नको का? दाराखाली फट नाही, खिडकी बंद, मग तो पंखा नुसताच घुमतो. माझं मत सरळ आहे : गॅस गीझर बाथरूमच्या आत नको, कुठल्याही सबबीवर नको. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकातही हेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुमचं सापडलं तर काढून बघा.

गॅस गीझरच ठेवायचा असेल तर ड्राय बाल्कनीत, उघड्या बाजूला बसवा आणि नुसती गरम पाण्याची पाइपलाइन आत घ्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. पण ड्राय बाल्कनीला तुम्ही स्लायडिंग खिडक्या लावून खोली करून टाकली असेल, धायरीतच काय कोथरूडपासून बिबवेवाडीपर्यंत सगळ्यांनी केलीय, तर ती उघडी धरता येत नाही. बाथरूमबाहेरचा पॅसेज, वरचा माळा, हेही नाही. गच्चीवर सोसायटीचं सोलर बसत असेल तर उत्तमच, महापालिका मिळकतकरातही सवलत देते. नाहीतर विजेचा गीझर.

विजेच्या गीझरला मिस्टर काय म्हणतील ते मला माहीत आहे : बिल. हिशेब करून टाकू. वीस लिटरची एक बादली पाणी थंडीत २२ अंशांवरून ४० अंशांवर आणायला अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागते. पाच माणसं, पाच बादल्या, दिवसाला अडीच युनिटांच्या आत. तुमच्या बिलावर युनिटचा जो दर असेल त्याने गुणा, आणि मग गीझर नसल्यामुळे सिलिंडर किती दिवस जास्त जातो तेही त्यातून वजा करा. फरक बादलीमागे पाच रुपयांच्या आतच राहील. तुम्ही म्हणालात की गॅस गीझर घेतला तेव्हा कारण वेगळंच होतं, गुरुवारी पाण्याबरोबर लाइटही जायचे. तर पंधरा लिटरचा साठवणीचा गीझर घ्या. लाइट जायच्या आत तापवून ठेवलं तर पाणी बराच वेळ गरम राहतं. बाथरूममध्ये १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी बसवून घ्या. शॉक लागायच्या क्षणी वीज तोडणारी ती डबी. मल्टिप्लगवर गीझर लावणं म्हणजे एका संकटातून निघून दुसऱ्यात.

तोवरचे चार दिवस पाणी शेगडीवर तापवाल. आधी बादलीत गार पाणी घ्या आणि मग त्यात कढत ओता. उलट केलंत आणि तेवढ्यात चौथीतला मुलगा आत शिरला, तर भाजण्याची केस होते. रॉडने तापवणार असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, आणि लोखंडी बादली तर नकोच.

सासूबाई रुसतील. त्यांना कडकडीत पाणी लागतं, आणि ‘इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही’ हे वाक्य त्या म्हणणारच. इतकी वर्षं खिडकी उघडी होती, एवढंच शांतपणे दाखवून द्या. काजळी दाखवा. आई, बंदी तुमच्यावर नाही, गीझरवर आहे, असं म्हणा. मिस्टरांनाही जपून सांगा. त्यांनी सुटीच्या दिवशी शिडीवर चढून ती शीट ठोकलीय, बायकोने आणि पेपरातल्या डॉक्टरीणबाईंनी मिळून त्यांना गुन्हेगार ठरवलं तर शीट जाग्यावरच राहील. शीट काढून बाहेरच्या बाजूने नायलॉनची जाळी ताणून बसवायला सांगा. कबुतर येत नाही, हवा येते.

हात घालताच आहात तर बाथरूमची आतली कडीही बदला, बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच मिळतं. सासूबाईंना पाटाऐवजी रबरी पायांचं स्टूल आणि उठताना धरायला भिंतीत पक्का दांडा. टॉवेल अडकवायची दांडी धरून उठू नका म्हणावं, ती उपटून हातात येते. एकट्या घरात असताना न्हायचं नाही, एवढी एक अट घाला.

आणि हा वायू फक्त गीझरमध्येच नसतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं आणि बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेक देणं, दोन्हीत तोच धोका आहे, आणि तिथे तर तान्हं बाळ असतं. तुमच्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणायचा विचार मुलीने बोलून दाखवला म्हणालात. हुशार आहे. आणा, पण गीझर बाहेर काढल्यावर जास्तीची खबरदारी म्हणून. बॅटरी संपलेला अलार्म भिंतीवर शोभेला राहतो.

उरलेले प्रश्न भराभर घेते.

पाणी. तुमचा धसका अनाठायी नाही. २०२५च्या साथीत सिंहगड रस्त्यावरचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हाच पट्टा होता आणि बऱ्याच रुग्णांना आधी जुलाब झाले होते. कॅम्पायलोबॅक्टर हा जंतूही सापडला. पाण्याला खळखळून उकळी आली की ती मिनिटभर राहू द्या, झाका, त्याच भांड्यात गार होऊ द्या. दहा-दहा मिनिटं उकळायची गरज नाही, गॅस वाया जातो. सासूबाईंना सांगा, उकळून पाण्यातले क्षार उडून जात नाहीत, मरतात ते जंतू. प्युरिफायरची मेंब्रेन, फिल्टर वेळेवर बदललेले असतील तर उकळणं आणि गाळणं दोन्ही रोज करायची सक्ती नाही. टँकरचं पाणी आलं त्या दिवसांत मात्र उकळाच. माठात किंवा पिंपात पेला बुडवू नका, ओगराळं ठेवा किंवा तोटीचं भांडं घ्या. एवढी मेहनत करून पाणी तिथेच हाताने खराब होतं. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली हे सेक्रेटरींना विचारा. मला वाटतं, त्यांनाही आठवणार नाही. चिकन आतपर्यंत शिजवा, कच्चं चिकन चिरलेली पाटी आणि सुरी कोशिंबिरीला वापरू नका. जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लुळे पडणं, चेहरा वाकडा होणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. वाट बघायची नाही.

काढा. नको. शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षात पाच-सहा सर्द्या होतात, त्याला कमजोरी म्हणत नाहीत. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. त्यावर वाद झाला, पण निरोगी नऊ वर्षांच्या मुलावर तो वाद सोडवायची गरज नाही. आणि ‘इम्युनिटी वाढवा’चा घोष करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. खोकल्याला चमचाभर मध चालेल. फ्लूची लस दरवर्षी मुलालाही आणि सासूबाईंनाही द्या. सासूबाईंच्या न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोला.

कबुतरं. खरं आहे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर काही लोकांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग खरवडा. सोसायटीत कुणी पुण्य म्हणून धान्य टाकत असेल तर त्यांच्याशी एकदा बोलावं लागेल. तो सल्ला देणं सोपं, अमलात आणणं तुमच्याकडे.

एअर प्युरिफायर. घरात दम्याचं कुणी नाही, तर आत्ता नको. संध्याकाळी खिडक्या लावून मच्छर अगरबत्ती आणि धूप जाळता म्हणालात, ते आधी थांबवा, जाळ्या बसवा. ते पैसे विजेच्या गीझरला लागतील.

आळिवाचे लाडू चालू द्या. सासूबाईंना गुळाचा हिशेब धरून अर्धा, मुलीला पूर्ण. तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, या वयात मुलींचं पुष्कळदा कमी असतं.

काढलेला गॅस गीझर कामाच्या मावशींना द्यायचा विचार आहे, असं तुम्ही फोन ठेवता ठेवता म्हणालात. देऊ नका. त्यांच्या घरातली मोरी तुमच्या बाथरूमपेक्षा लहान असेल आणि तिला खिडकी असेलच असं नाही. गावाकडेही पाठवू नका, तिथे तो कुणीतरी न्हाणीघरातच बसवेल. त्याची नळी कापा आणि भंगारवाल्याला द्या. मावशींना द्यायचंच असेल तर त्यांच्याकडे पाणी कशावर तापवतात ते विचारा आणि त्या शेगडीची नळी जुनी झाली असेल तर आयएसआय छापाची केशरी सुरक्षा नळी घेऊन द्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. घरी जाऊन तुमचीही बघा.